‘अंदाजपंचे’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

मेघालयातल्या मॉम्लुह गुहेवरच्या माझ्या लेखाखाली ‘सामान्य वाचक’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. थेंबाथेंबाने साचलेल्या दगडाचं कार्बन डेटिंग करून ४२०० वर्षांपूर्वी पाऊस घटला असं छातीठोक सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, असं ते म्हणतात. शिवाय परागकणांवरून जुनं हवामान ओळखायचं तर ते वाऱ्याबरोबर कुठूनही येतात, आणि चेरापुंजीच्या एका दगडावरून सिंधू खोऱ्याचं भविष्य सांगणारे आम्ही ‘ज्योतिषी’. (भविष्य नव्हे, भूतकाळ. पण असो.)

एक चूक मान्य. ‘आजपासून ४२०० वर्षांपूर्वी’ असं मी लिहिलं, ते ढिलं होतं. या शास्त्रात ‘आज’ म्हणजे १९५०. भूशास्त्राच्या कालगणनेत २०१८ साली मान्यता मिळालेल्या मेघालयन कालखंडाची सुरुवात इ. स. २००० पासून मोजली तर ४२५० वर्षं मागे जाते. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता कार्बन डेटिंग. हा शब्द माझ्या लेखात एकदाही नाही. तो तुम्ही आणलात आणि त्याच्यावरच तुटून पडलात. गुहेतल्या चुन्याला ती पद्धत सरळ लागू पडतच नाही, कारण त्यातला काही कार्बन वरच्या चुनखडकातून आलेला असतो. तो इतका जुना की ज्यावरून वय काढतात तो काळाबरोबर घटणारा कार्बन-१४ त्यात उरलेलाच नसतो, त्यामुळे दगड आहे त्यापेक्षा म्हातारा दिसतो. म्हणून इथे युरेनियम-थोरियम पद्धत वापरतात. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. ठिबकणाऱ्या पाण्यातून चुना बसतो तेव्हा त्यात युरेनियम येतं, थोरियम नाही. पुढे युरेनियम-२३४ पासून थोरियम-२३० तयार होत जातं. या थोरियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे ७५,६०० वर्षं. घड्याळ त्या थरात शून्यापासून सुरू होतं.

करतात कसं, तेही सांगतो. स्टॅलॅग्माइट, म्हणजे गुहेच्या जमिनीवरून थेंबाथेंबाने वर वाढलेला चुन्याचा सुळका, वाढीच्या अक्षावर हिऱ्याच्या करवतीने उभा चिरतात, घासून गुळगुळीत करतात. मग दंतवैद्याकडे असतं तसल्या ड्रिलने थराला समांतर चर पाडून शंभरेक मिलिग्रॅम भुकटी काढतात. इथेच हात चुकतो. थर मिलिमीटरभर आणि चर दोन मिलिमीटरचा झाला, की दोन काळांची भेसळ. भुकटी नायट्रिक आम्लात विरघळवून त्यात ठाऊक असलेल्या मापाचे कृत्रिम समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) घालतात, रेझिनच्या नळीतून युरेनियम आणि थोरियम वेगळं करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रावर, मोजतात.

खरी डोकेदुखी चुन्यात मिसळलेली माती. तुम्ही तिचा उल्लेखही केला नाहीत, म्हणून मीच करतो. चिकणमाती स्वतःचं थोरियम घेऊन येते. ४२०० वर्षांत थोरियम-२३० त्याच्या अंतिम पातळीच्या जेमतेम पावणेचार टक्क्यांपर्यंत पोचतं, त्यामुळे चिमूटभर मातीसुद्धा वय फुगवते. पण मातीबरोबर थोरियम-२३२ देखील येतं आणि ते मोजता येतं. त्यावरून वजावट करतात. वजावटीचा जो आकडा सर्रास वापरतात त्याच्यातच ५० टक्के अनिश्चितता धरलेली असते आणि ती वयाच्या चुकीत उघडपणे मिळवली जाते. स्वच्छ थरात चूक काही दशकांची, गढूळ थरात शतकांची. पाणी पुन्हा शिरून युरेनियम धुऊन गेलं असेल तर वय खोटंच वाढतं, वरचा थर खालच्यापेक्षा जुना निघतो आणि नमुना बाद होतो. ज्या कामात प्रत्येक आकड्यापुढे ± लिहिल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही, त्याला तुम्ही दाहोदरसे म्हणता! या विषयात माझी वीस वर्षं गेली आहेत, साहेब. तुमची किती, ते एकदा कळू द्या.

परागकण कुठूनही येतात, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. पाइनच्या कणाला हवेच्या दोन पिशव्या असतात, तो शेकडो किलोमीटर उडतो. म्हणूनच आजची माती आणि शेवाळ तपासून कुठला कण किती उडतो हे आधी ठरवतात. गाळ आम्लांनी साफ करताना त्यात ठरावीक संख्येचे लायकोपोडियम या वनस्पतीचे बीजाणू टाकतात, म्हणजे टक्केवारीच्या भुलाव्यात न पडता दर ग्रॅमला कण किती, हे काढता येतं. बाकी काम नऊ भाग ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि एक भाग सल्फ्युरिक आम्लाचं. त्यात पाण्याचा थेंब पडला तर मिश्रण उसळून अंगावर येतं. ज्योतिषाच्या धंद्यात एवढी जोखीम नसते.

राहिला ‘एकच दगड’ हा मुद्दा आणि त्याच गुहेतल्या दुसऱ्या स्टॅलॅग्माइटने इतका सलग दुष्काळ दाखवला नाही, हा तुमचा टोला. दगडातल्या ज्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून आम्ही पाऊस ओळखतो ते म्हणजे पर्जन्यमापक नव्हे, ढग कुठून आले तेही त्यात मिसळलेलं असतं, हे मी लेखातच लिहिलं होतं. त्यावर सवडीने लिहीन. ‘ज्योतिषी’ हा शब्द मात्र मागे घ्या, मग बोलू.