‘हबलचे फोटो बनावट’ म्हणणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या हबल दुर्बिणीबद्दलचा एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हबलचा आरसाच चुकलेला, त्यामुळे तिची चित्रं कॉम्प्युटरवर दुरुस्त केलेली असतात, रंग खोटे असतात, ‘सृष्टीचे स्तंभ’ या प्रसिद्ध चित्राचा कापलेला कोपरा काहीतरी लपवण्यासाठी आहे, चंद्रावरचा झेंडा तिला दिसत नाही, आणि जेम्स वेब ही नवी अंतराळ दुर्बीण आल्यावर ती बंद झाली. यातल्या दोनच गोष्टी खऱ्या आहेत. आरसा चुकला होता, आणि झेंडा तिला दिसत नाही.

आरसा. 24 एप्रिल 1990 ला डिस्कव्हरी यानातून हबल वर गेली. तिच्या 2.4 मीटरच्या आरशाची कड हवी त्यापेक्षा सुमारे 2.2 मायक्रॉन सपाट घासली गेली होती. म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पन्नासावा भाग. घासणाऱ्यांचा हात कच्चा नव्हता, मापणारं उपकरण चुकलं होतं. त्या उपकरणातलं भिंग ठरलेल्या अंतरावर बसवायला एक मापाचा दांडा होता आणि त्याच्या टोकावर भोक असलेली टोपी. टोपीवरचा काळा लेप एका जागी उडाला होता. लेझरचा किरण दांड्याऐवजी त्या उघड्या धातूवरून परतला आणि भिंग 1.3 मिलीमीटर खाली बसलं. दुसऱ्या दोन चाचण्यांत गडबड दिसली होती, पण ती उपकरणं कमी अचूक समजून त्यांचे निकाल बाजूला ठेवले गेले. खरी चूक ही दुसरी.

आरसा चुकीच्या आकाराचा असला तरी त्या आकारात तो कमालीचा अचूक होता. म्हणूनच इलाज निघाला: चूक नेमकी किती हे कळलं की तेवढीच उलटी चूक पुढच्या आरशांत घालता येते. डिसेंबर 1993 मध्ये एन्डेव्हर यानातल्या अंतराळवीरांनी पाच वेळा बाहेर पडून नवा कॅमेरा बसवला, ज्यात ही दुरुस्ती आतच होती. बाकीच्या उपकरणांसाठी छोट्या आरशांची ‘कोस्टार’ ही पेटी बसवली. पुढे प्रत्येक नवं उपकरण दुरुस्तीसकटच तयार झालं, त्यामुळे 2009 मध्ये कोस्टार काढून परत आणली. 1990 ते 1993 ची चित्रं धूसर होती आणि ती कॉम्प्युटरने सुधारली जात, हे बरोबर. त्यानंतर प्रकाश स्वच्छच येतो.

रंग. हबलचे कॅमेरे करड्या छटाच टिपतात. समोर एकेक फिल्टर येतो आणि प्रत्येकातून वेगळं चित्र निघतं. 1995 च्या ‘सृष्टीचे स्तंभ’ या गरुड तेजोमेघाच्या चित्रात तीन फिल्टर होते: गंधक 673 नॅनोमीटर, हायड्रोजन 656, ऑक्सिजन 502. पहिले दोन डोळ्यांना लालच दिसतात. तसेच ठेवले तर गंधक कुठे आणि हायड्रोजन कुठे हे कळणारच नाही. म्हणून गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा दिला. नकाशात जिल्ह्यांना रंग देतात, तसंच हे. आत कुठला वायू कुठे आहे ही माहिती मोजलेली आहे, कुणी ब्रशने भरलेली नाही.

हे घरबसल्या तपासता येतं. हबलची निरीक्षणं ठेवलेल्या मास्ट या सार्वजनिक ऑनलाइन संग्रहात एम16 (म्हणजे गरुड तेजोमेघ) शोधा, हबल निवडा, मग एफ502एन, एफ656एन, एफ673एन हे फिल्टर. फाइली फिट्स प्रकारच्या असतात, मोबाइलच्या गॅलरीत उघडत नाहीत; डीएस9 हे मोफत सॉफ्टवेअर लागतं. उघडल्यावर पडदा काळा दिसला तर फाइल बिघडलेली नसते, उजळपणाची पट्टी ‘लॉग’वर न्यायची असते. सगळीकडे पांढरे ओरखडे दिसतील. ते वैश्विक किरणांचे. म्हणूनच एका जागेची अनेक चित्रं घेऊन ती जुळवतात.

कापलेला कोपरा. ‘स्तंभां’चं चित्र 1993 मध्ये बसवलेल्या कॅमेऱ्याने टिपलं. त्यात 800 × 800 बिंदूंच्या चार चिप होत्या. तिघींचा प्रत्येक बिंदू आकाशाचा सुमारे 0.1 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) इतका भाग पाही, चौथीचा 0.046. चौथीचं चित्र बाकीच्यांच्या मापावर आणलं की ते निम्म्याहून लहान होतं आणि भोवती पायरीसारखी काळी जागा उरते. तिथे चिपच नव्हती.

झेंडा. हबलला सुमारे 0.05 विकला इतकं बारीक दिसतं. चंद्राच्या अंतरावर ते 90 मीटरच्या वर जातं. जेमतेम दीड मीटरचा झेंडा दिसायला आरसा साधारण दीडशे मीटरचा लागेल. उतरलेल्या यानांचे तळ 2009 पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाने जवळून टिपले आहेत.

बंद पडली? नाही. जून 2024 मध्ये तिला एकाच जायरोस्कोपवर (दुर्बीण किती वळली हे मोजणारं उपकरण) चालवायला सुरुवात झाली. त्यामुळे ती हळू वळते आणि मंगळापेक्षा जवळच्या वस्तूंचा माग धरू शकत नाही, पण निरीक्षणं चालू राहिली. वेब तिची जागा घेऊच शकत नाही: वेब अवरक्त प्रकाशासाठी आहे, अतिनील तिला दिसत नाही. तरुण, तापलेल्या ताऱ्यांचा बराचसा प्रकाश अतिनील असतो आणि तो हवेतून खालीही पोचत नाही.

ती ठाण्यातून साध्या डोळ्यांनीही दिसते. तिची कक्षा विषुववृत्ताशी 28.5 अंश कललेली आहे आणि आपण 19 अंशांवर, त्यामुळे काही फेऱ्या जवळजवळ डोक्यावरून जातात. पावसाळा सोडून, सूर्यास्तानंतर तास-दीड तासात किंवा पहाटे पाहा. फेरीची वेळ हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर आपलं ठिकाण घालून मिळते. काही दिवस ओळीने फेऱ्या मिळतात, मग काही आठवडे एकही नाही. येऊर किंवा खारघरच्या टेकडीवर अंधार बरा. चांगल्या फेरीत ती ध्रुवताऱ्याइतकी ठळक असते, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते, विमानासारखी लुकलुकत नाही आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच आकाशाच्या मध्यातच विझते.