‘आधी नाव कळू दे, मग शब्द ठरवू’

१५ मार्च २०१९, शुक्रवार. सकाळच्या पाळीला मी बातम्यांच्या डेस्कवर होते. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात मशिदीत गोळीबार, एवढीच ओळ एजन्सीकडून आली होती. मृतांचा आकडा दर दहा मिनिटांनी बदलत होता. मथळा माझ्याकडे होता. मी ‘दहशतवादी हल्ला’ असं टाइप केलं आणि शेजारच्या खुर्चीतून एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “थांब जरा. आधी हल्लेखोराचं नाव कळू दे, मग शब्द ठरवू.”

मी थांबले. ‘दहशतवादी’ खोडलं. थोड्या वेळाने कळलं की हल्लेखोर ऑस्ट्रेलियाचा गोरा तरुण आहे, आणि मथळ्यात ‘माथेफिरू’ हा शब्द गेला. तो मीच लिहिला, कुणी जबरदस्ती केली नव्हती. त्याच दिवशी न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी हा दहशतवादी हल्लाच आहे असं स्वच्छ शब्दांत सांगितलं. त्यांना हल्लेखोराच्या धर्माची किंवा कातडीच्या रंगाची वाट पाहावी लागली नाही. मला लागली. ते खोडलेलं अक्षर मनातून जात नाही, म्हणून आज एवढं लांबलचक लिहितेय.

‘माथेफिरू’ हा मथळ्याला फार सोयीचा शब्द आहे. एकदा डोकं फिरलं म्हटलं की पुढे विचारायला काही उरतच नाही. पण त्या माणसाने ७४ पानांचा जाहीरनामा लिहून ठेवला होता. हेल्मेटवर कॅमेरा बांधून त्याने तो सगळा संहार जगाला थेट दाखवला. दोन मशिदी निवडल्या, जुम्म्याच्या नमाजाची वेळ निवडली. ५१ माणसं गेली. डोकं फिरलेला माणूस इतकी आखणी करत नसतो. पुढे त्याच्यावर खुनाच्या ५१ आरोपांबरोबर दहशतवादविरोधी कायद्याखालीही आरोप ठेवला गेला आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्याला पॅरोलची शक्यताच नसलेली जन्मठेप झाली. त्या देशात अशी शिक्षा पहिल्यांदाच झाली.

आता शब्दांकडे बघा. आपल्या भाषेत ‘दहशत’ हा शब्द ‘दहशतवादा’च्या कितीतरी आधीपासून आहे. ‘त्या गुंडाची सगळ्या आळीत दहशत आहे’ असं आपण सहज म्हणतो. तो नुसता रस्त्याने चालला तरी लोक दारं लोटून घेतात, हा त्याचा अर्थ. त्यात सरकार नाही, विचारसरणी नाही, सीमेपलीकडून आलेला पैसा नाही. त्यात फक्त घाबरलेली माणसं आहेत. मग त्याला ‘वाद’ जोडला गेला आणि तो शब्द राज्यसंस्थेच्या मालकीचा झाला. कुणी घाबरलं का, यापेक्षा राष्ट्राला धोका आहे का, हे महत्त्वाचं ठरलं. उलट ‘द्वेषमूलक गुन्हा’ हा शब्द कागदावरच जन्मला. ज्यांच्या प्रार्थनास्थळावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांच्यापैकी कुणी रडताना ‘आमच्यावर द्वेषमूलक गुन्हा झाला’ म्हणत असेल असं मला वाटत नाही. ते म्हणतात, आम्हाला आता भीती वाटते.

पुस्तकातला फरक सरळ आहे. एखाद्याला त्याचा धर्म, वंश, जात किंवा लैंगिकता पाहून लक्ष्य केलं तर तो द्वेषाचा गुन्हा. हिंसा करून जनतेत घबराट पसरवायची असेल किंवा सरकारला वाकवायचं असेल तर तो दहशतवाद. वाचताना पटतं. पण प्रत्यक्ष प्रकरण हातात घेतलं की दोन्ही व्याख्या एकमेकींत मिसळतात.

१७ जून २०१५, चार्ल्सटन, अमेरिका. कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या चर्चमध्ये संध्याकाळी बायबल वाचनाला बारा-तेरा माणसं जमली होती. एक अनोळखी गोरा मुलगा आला. त्यांनी त्याला जागा दिली, हातात वाचायला कागद दिला. तो जवळपास तासभर त्यांच्यात बसला. शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा त्याने पिस्तूल काढलं. नऊ जण मारले. एका वृद्ध बाईजवळ येऊन त्याने विचारलं, तुला गोळी लागली का? ती नाही म्हणाली. तेव्हा तो म्हणाला की मी तुला मारणार नाही, इथे काय घडलं ते तू सांगायला हवंस.

मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ पुढची ओळ वाचू शकले नाही. त्याला साक्षीदार हवा होता, कारण निरोप त्या नऊ जणांसाठी नव्हताच. तो बाहेरच्या लाखो कृष्णवर्णीयांसाठी होता, आणि वंशयुद्ध पेटावं म्हणून गोऱ्यांसाठीही. दहशतीची याहून नेमकी व्याख्या कोणत्या कायद्यात सापडेल? तरीही तेव्हाचे एफबीआयचे संचालक म्हणाले होते की आतापर्यंतच्या माहितीवरून हे राजकीय कृत्य वाटत नाही. त्याच्यावर ३३ संघीय आरोप ठेवले गेले: द्वेषाचे गुन्हे, धर्मपालनात अडथळा, बंदुकीचा वापर. दहशतवादाचा एकही नाही.

यामागे कायद्यातली एक फटही आहे. अमेरिकेत २००१ नंतर ‘देशांतर्गत दहशतवादा’ची व्याख्या झाली, पण त्या नावाचा स्वतंत्र शिक्षापात्र गुन्हा संघीय कायद्यात नाही. परदेशी दहशतवादी संघटनांची यादी आहे, त्यांना मदत करणं हा गुन्हा आहे. देशातल्या देशात वंशद्वेष पोसणाऱ्या गटांची तशी यादी नाही. आणि हत्याराचाही प्रश्न आहे. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये प्रेशर कुकरचे बॉम्ब वापरले गेले, तिथे तीन माणसं मेली. बॉम्ब असल्यामुळे कायद्याच्या भाषेत ते ‘सामूहिक संहाराचं शस्त्र’ ठरलं. चार्ल्सटनमध्ये नऊ मेली, पण हातात पिस्तूल होतं. पिस्तूल त्या व्याख्येत बसत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी संघीय फाशीच्या ४० कैद्यांपैकी ३७ जणांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. तिघांना वगळलं: बॉस्टनचा बॉम्बवाला, चार्ल्सटनचा मारेकरी आणि २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ ज्यूंना मारणारा. कारण दिलं ते ‘दहशतवाद आणि द्वेषातून केलेलं सामूहिक हत्याकांड’ असं. खटल्यात ज्यांची नावं वेगळी ठेवली ते गुन्हे माफीच्या वेळी एकाच वाक्यात, एकाच पंगतीत आले.

माझं म्हणणं असं आहे. ‘द्वेष’ हा शब्द वापरला की तपास माणसाच्या आत वळतो. तो एकटा होता का, घरी कसा होता, नोकरी गेली होती का, कुणावर राग होता. ‘दहशतवाद’ म्हटलं की तोच तपास बाहेर वळतो. त्याला कुणी शिकवलं, पैसा कुठून आला, कोणत्या गटात बोलत होता, पुढचा कोण आहे. एका शब्दाने हेतू शोधला जातो, दुसऱ्याने साखळी. आणि कुणाच्या बाबतीत कोणता शब्द वापरायचा, हे मारेकऱ्याचं नाव पाहून ठरत असेल, तर एका प्रकारच्या मारेकऱ्यांची साखळी कधी शोधलीच जाणार नाही. क्राइस्टचर्चच्या त्या ७४ पानांचा हवाला त्याच वर्षी अमेरिकेतल्या एल पासोमध्ये २३ जणांना मारणाऱ्याने दिला. २०२२ मध्ये तिथल्याच बफेलोत दहा कृष्णवर्णीयांना मारणाऱ्यानेही दिला. हे तिघे एकमेकांना कधी भेटले नसतील, पण एकेकटेही नव्हते.

म्हणून सरसकट सगळ्यालाच दहशतवाद म्हणावं का? मला तसं वाटत नाही, आणि इथे मी फार जपून लिहितेय. दहशतवादाचे कायदे जगात जिथे जिथे आहेत, तिथे ते जामीन अवघड करतात, कोठडी लांबवतात, पाळत ठेवायला मोकळीक देतात. असं हत्यार एकदा सरकारच्या हातात गेलं की ते शेवटी कुणावर चालतं, हे आपण पाहिलेलं आहे. पुष्कळदा ज्यांच्या रक्षणासाठी ते मागितलं, त्यांच्यावरच. भिंतीवर शिवी रंगवणाऱ्या सतरा वर्षांच्या पोरालाही त्याच कलमात घालायला लागलो तर द्वेषाच्या गुन्ह्याचा कायदा ज्यासाठी बनला, तो हेतूच बुडेल. छोट्या गुन्ह्यातही ओळखीमुळे झालेली जखम वेगळी असते, हे तो कायदा ओळखतो. ते मोलाचं आहे.

पण आकड्यावरून पायरी ठरवणंही मला जमत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या एका बारमध्ये ‘माझ्या देशातून चालते व्हा’ असं ओरडत एकाने दोन भारतीय इंजिनिअरांवर गोळ्या झाडल्या. एक जण गेला. तो द्वेषाचा गुन्हा म्हणूनच चालला आणि जन्मठेप झाली. त्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीने तिकडच्या आपल्या भावाला फोन करून सांगितलं होतं, “बाहेर असलास की फोनवर आमच्याशी मराठीत बोलू नकोस. घरी पोचलास की कर.” मी तिच्या शेजारी बसले होते. भाऊ गोळीबार झाला त्या ठिकाणापासून दुसऱ्याच टोकाच्या राज्यात राहायचा. एका माणसाने झाडलेल्या गोळीने हजार मैलांवरच्या माणसाची भाषा सार्वजनिक जागेतून काढून घेतली. मेला एकच, पण घाबरली किती माणसं, हे कोण मोजणार?

अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात २०१८ पासून एक स्मारक उभं आहे. १८७७ ते १९५० या काळात झुंडींनी मारलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांचं. छताला पोलादाचे आठशेहून अधिक स्तंभ टांगले आहेत, एकेका काउंटीसाठी, म्हणजे जिल्ह्यासाठी, एकेक, त्यावर नावं कोरलेली. सुरुवातीला ते डोळ्यांसमोर असतात, पुढे जमीन उतरत जाते आणि स्तंभ तुमच्या डोक्यावर लटकलेले दिसतात. स्मारक उभारणारी संस्था या हत्यांना वांशिक दहशत म्हणते. २०२२ मध्ये अमेरिकेने अखेर झुंडबळीविरुद्ध संघीय कायदा केला, आणि त्यात या गुन्ह्याचं नाव आहे द्वेषाचा गुन्हा. कृत्य तेच.

आपल्याकडेही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात आहेत. पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, भाषा अशा कारणावरून केलेला खून कलम १०३(२) मध्ये येतो. दहशतवादी कृत्य कलम ११३ मध्ये, आणि त्याच्या व्याख्येत जनतेच्या ‘कोणत्याही वर्गात’ दहशत निर्माण करणं हेही आहे. ही दोन कलमं एकदा शेजारी ठेवून वाचा, एवढंच सुचवते.

कॅनडाचा अनुभव मला विचार करण्याजोगा वाटतो. २०१७ मध्ये क्वेबेकच्या मशिदीत सहा जण मारले गेले. पंतप्रधान त्याच रात्री दहशतवादी हल्ला म्हणाले, पण खटल्यात तो आरोप आलाच नाही. जून २०२१ मध्ये ऑन्टारिओतल्या लंडन शहरात फिरायला निघालेल्या एका मुस्लिम कुटुंबावर गाडी घातली गेली. चौघे गेले, नऊ वर्षांचा मुलगा वाचला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी हे कृत्य दहशतवाद असल्याचा निर्वाळा दिला. शिक्षेत त्याने काहीच वाढ झाली नाही. खुनाची जन्मठेप तशीही ठरलेली होती. बदललं फक्त नाव. पण त्या नावामुळे, नेम तुम्हा सगळ्यांवर होता हे न्यायालयाला दिसलं, असं त्या समाजाला पहिल्यांदा अधिकृतपणे कळलं.

आणि नावच दिलं नाही तर काय होतं, ते जर्मनीत घडलं.

सप्टेंबर २००० मध्ये न्यूरेम्बर्गला रस्त्याकडेच्या एका तुर्की फुलविक्रेत्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या सहा वर्षांत वेगवेगळ्या शहरांत आणखी आठ जण मारले गेले. सात तुर्की वंशाचे, एक ग्रीक. पिस्तूल दर वेळी तेच. पोलिसांनी ना द्वेष पाहिला ना दहशत. त्यांनी अमली पदार्थ शोधले, तुर्की माफिया शोधला, बायकामुलांच्या चौकशा केल्या. तपासपथकाचं नावच इस्तंबूलच्या सामुद्रधुनीवरून ‘बॉस्फरस’ ठेवलं होतं. वर्तमानपत्रांनी या खुनांना एका तुर्की खाद्यपदार्थाचं नाव दिलं. २००४ मध्ये कोलोनच्या तुर्की वस्तीत, केशकर्तनालयासमोर, सायकलवर ठेवलेला खिळ्यांचा बॉम्ब फुटला आणि २२ जण जखमी झाले. दुसऱ्याच दिवशी देशाचे गृहमंत्री म्हणाले की आतापर्यंतच्या माहितीवरून यामागे दहशतवाद दिसत नाही, गुन्हेगारी जगताचा हात दिसतो.

नोव्हेंबर २०११ मध्ये उलगडा झाला. नवनाझींची एक टोळी होती. फुलविक्रेत्याची मुलगी फेब्रुवारी २०१२ मध्ये बर्लिनच्या श्रद्धांजली सभेत चॅन्सेलरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली की अकरा वर्षं आम्हाला स्वच्छ मनाने बळी म्हणून जगताही आलं नाही.

पण त्याआधीचं एक दृश्य सांगायचं राहिलं. मे २००६. नववा खून होऊन महिना झाला होता. कासेल शहरात मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक रस्त्यावर उतरले. तपासयंत्रणांना जे दिसत नव्हतं ते त्यांनी ओळखलं होतं, की आम्हाला आम्ही कोण आहोत म्हणून मारलं जातंय आणि हे थांबणार नाही. हातातल्या फलकावर लिहिलं होतं: दहावा बळी नको. त्या मोर्चाकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

दहावा खून २५ एप्रिल २००७ रोजी झाला. २२ वर्षांची पोलीस कर्मचारी, जर्मन.