589 रुपयांचा डाग

रविवारची मिसळ झाल्यावर नाशिकच्या जुन्या गंगापूर नाक्याच्या कट्ट्यावर विषय एकच होता, संज्याचं होमलोन. पाथर्डी फाट्याचा फ्लॅट, टोकन देऊन झालेलं, आणि बँकेने फाइल परत केली. कारण ते क्रेडिट कार्ड, 2023 मध्ये एका बँकेने न मागता घरी पाठवलेलं. संज्याने ते चालूसुद्धा केलं नव्हतं. फी 499, जीएसटी धरून 589. त्यावर लेट फी आणि व्याज चढत आता 6,840.

संज्याने मोबाइलवर सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, रिपोर्ट उघडला. अंबडच्या वर्कशॉपमधल्या मशीनचं कर्ज, प्रत्येक महिन्याच्या चौकटीत 000, 000, 000. एकही हप्ता उशिरा नाही. खाली त्या कार्डाची ओळ, थकल्याचे दिवस 030, 060, 090 करत चढत गेलेली. वरच्या शून्यांसाठी ह्या माणसाने लेथवर किती रात्री काढल्यात ते आम्ही पाहिलंय. मला भयंकर संताप आला.

"भरून टाक ना भो," बाळ्या म्हणाला. बोटात गाडीची किल्ली फिरत होती. जगातल्या कुठल्याही अडचणीवर बाळ्याकडे 'आपला माणूस' असतो. "रिकव्हरीत आपला माणूस आहे. 3,000 मध्ये सेटल करून देतो. एक फोन."

"आणि रिपोर्टवर काय येईल?" मनीषाने विचारलं. ती शरणपूर रोडला सीएकडे आहे, असल्या फायली रोज बघते. "'सेटल्ड'. 'क्लोज्ड' नाही. म्हणजे ह्याने पूर्ण पैसे दिलेच नाहीत, असं पुढची प्रत्येक बँक वाचणार. 3,000 देऊन डाग विकत घ्यायचा का?"

"मग पूर्ण भर. 6,840 ने कोणी मरतंय का?"

"पूर्ण भरले तरी मागचे 030, 060 तसेच राहतात. आणि देणंच नव्हतं तर फेडायचं काय?"

देशमुख काकांनी मान हलवली. नोट प्रेसमधून निवृत्त झालेले काका पैशाच्या गोष्टीत फार कडक. "मी जन्मभर नोटा छापल्या, एक कधी खिशात गेली नाही. न केलेल्या चुकीचा दंड मी तर भरणार नाही, संजय."

"काका, तुमचा काळ वेगळा. आता सगळं सिस्टीमवर चालतं."

"त्या सिस्टीमला नियम आहेत," मनीषा म्हणाली. "2022 पासून रिझर्व्ह बँकेने लिहून ठेवलंय, न मागता कार्ड द्यायचं नाही. 30 दिवसांत चालू झालं नाही तर ग्राहकाची ओटीपीने संमती घ्यायची. नाही मिळाली तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, तेही फुकट. आणि कार्ड चालू होण्याआधी त्या खात्याची माहिती सिबिलकडे पाठवायचीच नाही. ही ओळ रिपोर्टमध्ये यायलाच नको होती, बाळ्या."

बाळ्या दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "नियम सांगायला काय जातंय? बिल्डर थांबणारे का?"

ह्यात तथ्य होतं. संज्याचा चेहराच उतरला. टोकनाचे पैसे बायकोच्या भिशीतून आलेले.

"थांबणार नाही, म्हणून आजच लिहायचं," मनीषाने मोबाइल ओढून घेतला. "सिबिल स्वतःहून काही खोडत नाही, ते बँकेला विचारतात. म्हणून सिबिलवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाक आणि बँकेच्या तक्रार विभागालाही आजच लिही. कार्ड मागितलं असेल तर माझा अर्ज दाखवा, चालू केलं असेल तर ओटीपीची नोंद दाखवा, एवढंच विचार. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क ह्या सिबिलसारख्याच कंपन्यांचेही रिपोर्ट काढ, प्रत्येकाचा वर्षातून एकदा फुकट मिळतो. आणि फोनवर बोलू नकोस. फोनवरचं बोलणं उद्या कोणीच कबूल करत नाही."

"हे मात्र खरं," काका म्हणाले. "2015 चा कुंभमेळा आठवतो का रे, बाळासाहेब? पार्किंगचा ठेका मिळतोय म्हणून आमच्याकडून दोन-दोन हजार घेतलेस. तेही फोनवरच ठरलं होतं."

"काका, तो ठेका आपल्या माणसाने ऐनवेळी..."

"तो माणूस अजून कुणी बघितलेला नाही," संज्या म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा हसला.

"2027 च्या कुंभाला सगळं वळतं करतो!" बाळ्या. कट्ट्यावर एकच गलका. कोणी त्याची किल्ली तारण मागितली, कोणी गाडी.

गलका ओसरल्यावर संज्याने हळूच विचारलं, "आणि बँकेने उत्तरच दिलं नाही तर?"

मला वाटतं, खरी भीती हीच असते. आकडा छोटा, समोर एवढी मोठी बँक. आपल्यासारखा माणूस लिहून लिहून थकेल आणि मुकाट्याने पैसे भरेल, हे समोरच्याला पक्कं माहीत असतं. तसं भरून मोकळे झालेले ह्या नाक्यावरच कितीतरी सापडतील.

मनीषा म्हणाली, "नोंद दुरुस्त करायला बँकेला 21 दिवस, सिबिल धरून एकूण 30. त्यात तक्रार सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये तुला मिळतात. एप्रिल 2024 पासून लागू आहे. बँक लटकवते की सिबिल, त्यावर कोणी द्यायचे ते ठरतं. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. ऑनलाइन, एक पैसा फी नाही."

बाळ्याची किल्ली फिरायची थांबली. "रोज 100?"

"रोज."

"सुट्टीच्या दिवशी पण?"

"कॅलेंडरचे दिवस. रविवारसुद्धा."

बाळ्या बोटांवर हिशेब करू लागला. "म्हणजे बँकेने वर्षभर लोळवलं तर... 36,500 च्या आसपास! संज्या, तू काही घाई करू नकोस. त्या बँकेत आपला माणूस आहे, मी सांगतो त्याला, फाइल दाबून ठेव म्हणून!"

"लागला!" काका ओरडले. "अखेर लागला ह्याचा पार्किंगचा ठेका!"

चहावाल्यासकट सगळे हसत सुटले. मनीषाला तर पुढे टाइपच करता येईना. शेवटी संज्याने मोबाइल परत घेतला आणि हसत हसत स्वतःच पुढचं लिहायला बसला. बाळ्या त्याच्या खांद्यावरून वाकून सांगत होता, "'ओटीपीची नोंद दाखवा' हे ठळक कर रे, ठळक!"