बेळगावात समुद्र होता म्हणे!

बेळगाव, खानापूर, चिकोडीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: आपल्या शिवारात शिंपले सापडतात, गोकाकच्या खडकावर लाटांच्या खुणा आहेत, तेव्हा काही हजार वर्षांपूर्वी अरबी समुद्र बेळगावपर्यंत होता आणि परशुरामाने बाण मारून तो मागे हटवला. वर एक ठसका: असेच शिंपले ऑस्ट्रेलिया-आफ्रिकेतही मिळतात, म्हणजे अख्खं जग एकाच पाण्याखाली होतं. परशुरामाची कथा ज्याच्या त्याच्या श्रद्धेची. तिच्याशी माझं भांडण नाही. तिच्या नावावर दगडांची खोटी साक्ष काढली आहे, भांडण त्या साक्षीशी.

शिंपला दिसला की समुद्र, हे पहिलंच गणित चुकलंय. गोड्या पाण्यातले शिंपले आपल्या नद्या-तळ्यांच्या गाळात आजही जिवंत आहेत. तळ्याचा गाळ शेतात ओढला की तेही शेतात येतात. पूर्वी शिंपले भाजून चुना करत, त्याचेही तुकडे जुन्या बांधकामांजवळ निघतात. यातलं काहीच जीवाश्म नव्हे. खरोखर दगडात रुतलेला शिंपला मिळाला, तरी आधी त्याचे शेजारी बघायचे. प्रवाळ किंवा सी-अर्चिन (काटेरी गोल समुद्री प्राणी) सोबत असेल तर समुद्र नक्की, कारण ते गोड्या पाण्यात जगतच नाहीत. नर्मदा खोऱ्यातल्या बाघला आणि तमिळनाडूत अरियलूरला असा गोतावळा एकत्र सापडतो.

बेळगावचा काळा दगड मात्र लाव्हाचा आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवरून वाहत आलेला. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जी तळी साचली, त्यांचे थर दख्खनभर जागोजागी आहेत. त्यातल्या शंख-शिंपल्यांचं वर्णन नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० मध्येच छापलं होतं. त्यात फायसा ही गोगलगाय आणि युनिओ हा शिंपला, दोन्ही गोड्या पाण्यातले. दख्खनच्या लाव्हाला समुद्राचा शेजार मिळाला तो पार पूर्वेला, राजमहेंद्रीकडे, आणि खाऱ्या पाण्याचे शिंपले तिथल्या थरांत आहेतही.

गोकाकबद्दल मजकुराला अर्धे गुण द्यायला हरकत नाही. तो दगड लाव्हाचा नाही, वाळूचा आहे, कलादगी खोऱ्यातला, म्हणजे जिथे गाळ साचून त्याचे दगड झाले अशा फार जुन्या सखल भागातला. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ मध्ये दक्षिण मराठा मुलखाच्या भूगर्भाचा अहवाल छापला, तेव्हापासून हे खडक अभ्यासात आहेत. वाळूवर सुरकुत्या नदीही उठवते, त्यामुळे नुसत्या खुणांवरून समुद्र ठरत नाही. पण या खोऱ्यात कधीकाळी उथळ समुद्र होता हे खरं. बागलकोटकडच्या चुनखडकांत स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून केलेले दगड आहेत. अडचण काळाची आहे. शिंपल्यांचा सर्वांत जुना पुरावा ५४ कोटी वर्षांच्या अलीकडचा, आणि हे खडक त्याच्याही कितीतरी आधीचे. म्हणजे ज्या समुद्राचा पुरावा आहे, त्यात शिंपले जन्मालाच आले नव्हते.

‘काही हजार वर्षां’चं उत्तर तर शाळेच्या नकाशातच आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. पृथ्वीवरचा सगळा बर्फ वितळला तरी समुद्र ७० मीटरच्या आसपासच चढेल. उलट २०,००० वर्षांपूर्वी तो आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. तेव्हापासून तो किनाऱ्याकडे चढत आलाय. जमीन वर उचलली गेली असेल, असं कोणी म्हणेल. हिमालयात तसं झालंच, स्पितीच्या उंचीवर समुद्री शिंपले आहेत. पण त्याला कोट्यवधी वर्षं लागली.

आता ऑस्ट्रेलिया-आफ्रिका. मजकुरात हात लावण्याजोगी हीच एक गोष्ट, आणि नेमका तिचाच अर्थ उलटा लावलाय. सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीचा युरिडेस्मा नावाचा जाड, जड कवचाचा शिंपला छत्तीसगडच्या मनेंद्रगडला हसदेव नदीकाठी मिळतो. तोच राजस्थानात, पाकिस्तानातल्या मिठाच्या डोंगररांगेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत आणि अर्जेंटिनात. मनेंद्रगडला त्याचा थर हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांशी लागून आहे. हा थंड, उथळ किनाऱ्याचा प्राणी. त्याच काळातल्या उष्ण समुद्रांच्या थरांत तो नाही. जग एकाच पाण्याखाली असतं तर तो सगळीकडे दिसायला हवा होता. तो फक्त गोंडवना या दक्षिणेकडच्या प्राचीन एकसंध भूखंडाच्या तुकड्यांवर दिसतो, कारण तेव्हा हे तुकडे एकमेकांना लागून होते आणि त्यांच्या कडेला बर्फाजवळचा समुद्र होता.

तरी नुसतं रूप सारखं दिसलं म्हणून नातं जोडू नये. तुंगा-भद्रेत खडकाला समुद्रातल्या कालवासारखा चिकटून राहणारा स्यूडोमुलेरिया नावाचा गोड्या पाण्यातला शिंपला आहे. असेच चिकटणारे शिंपले आफ्रिकेत आणि कोलंबियातही आहेत, म्हणून या सगळ्यांना बराच काळ एकाच कुळात, गोंडवनाच्या खात्यावर मांडलं जाई. २००० मध्ये डीएनए तपासल्यावर आपला हा शिंपला युनिओच्या घराण्यातला निघाला. चिकटण्याची सवय त्याने वेगळी, स्वतंत्रपणे उचललेली होती.

मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणाकडे खरंच दगडातला शिंपला असेल, तर तो फोडून काढू नका. आहे त्या थरासकट फोटो काढा, शेजारी एखादं नाणं ठेवा, आणि गावाबरोबर सर्व्हे नंबरही लिहा.