दीड किलोची हौस

माझ्याकडे कॅननचा ईओएस वन-डी मार्क टू आहे. २००४ चं मॉडेल, अथेन्स ऑलिम्पिकच्या वर्षीचं. मैदानाच्या कडेला पांढऱ्या लांबलचक लेन्स लावून बसतात ना ती मंडळी, त्यांच्यासाठी काढलेला कॅमेरा. नवा होता तेव्हा किंमत ऐकूनच मी दुकानाची पायरी चढलो नसतो, आता बोरा बाजारात सेकंडहँड मिळाला आणि तोही बऱ्यापैकी मोबाईलपेक्षा स्वस्त. बॅटरी घातली की दीड किलोच्या वर जातो, लेन्सचं वजन वेगळं. बायको एवढंच म्हणाली, हा गळ्यात घालून फिरणार की गळ्यात पडलाय म्हणून फिरणार?

परवा भाच्याची मुंज होती. आता याची बॅटरी लिथियम नाही, निकेल मेटल हायड्राइड, आणि म्हातारी झालेली, म्हणजे रात्री फुल चार्ज करून ठेवली तरी सकाळपर्यंत आपली आपण उतरते. चार्जरला रिफ्रेश म्हणून एक बटण आहे, ते दाबलं की तो आधी उरलीसुरली पॉवर तासन् तास काढत बसतो आणि मग कुठे भरायला घेतो, त्यामुळे आदल्या दिवशी ताईकडे घाणा भरत होते आणि मी आतल्या खोलीत बॅटरी.

मेनूची तऱ्हा आणखी निराळी. मेनूचं बटण दाबून धरायचं, धरलेलं असतानाच मागची चकती फिरवायची, हवं तिथे आलं की सोडायचं, मग सिलेक्टचं बटण दाबून धरून परत चकती. प्रेसवाल्यांच्या धक्काबुक्कीत चुकून सेटिंग बदलू नये म्हणून असं केलंय म्हणे. ठीक आहे, पण आमच्याकडे धक्काबुक्की फक्त बुफेच्या लाइनीत होते आणि तेव्हा एका हातात ताट असतं!

बाकी स्पीडला मात्र तोड नाही. सेकंदाला साडेआठ फोटो, सलग ४० जेपेग. मातृभोजनाला ताईने घास उचलला आणि मी बोट दाबून ठेवलं, तर पाच-सहा आज्या एकदम अडकित्ते घेऊन बसल्यासारखा आवाज सुरू झाला. गुरुजी थांबले, माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं का साहेब? मग पुढे म्हणतो."

मग आत्या आली, दाखव बघू म्हणाली. स्क्रीन दोन इंचाची, तिने चष्मा वर केला, खाली केला आणि शेवटी "छान आलाय" म्हणाली. तो फोटो केळीच्या खांबाचा होता. धाकट्या भाच्याने तेवढ्यात दोन बोटांनी झूम करून बघितलं आणि जाहीर केलं, "मामा, हा हँग झालाय." चुलतभावाला रील पाहिजे होतं. त्याला म्हटलं, बाबा रे, व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर २००८ ला आला, याला ते माहीतच नाही. तो म्हणाला, बरं मग फोटो तरी लगेच ग्रुपवर टाक.

लगेच!

यातलं कार्ड कॉम्पॅक्टफ्लॅश, काडेपेटीच्या आकाराचं. कॅमेऱ्याला वायर लावावी तर ती फायरवायर, ते भोक माझ्या लॅपटॉपला नाही. म्हणून कार्ड रीडर नेला होता, तो मोठ्या भाच्याने मदत म्हणून हातात घेतला आणि कार्ड तिरकं दाबलं. आत केसाएवढ्या ५० पिना असतात, त्यातली एक आडवी झाली. मग मुंजीच्या घरात पेन पेन्सिल शोधा, शिसं बाहेर काढा, तिचं पोकळ टोक अलगद त्या पिनेवर चढवा आणि श्वास रोखून सरळ करा. तोपर्यंत मोबाईलवाल्यांचे फोटो ग्रुपवर येऊन त्यांवर हात जोडलेले, फुलं वगैरे सगळं पडूनही गेलेलं.

पण खरं सांगू का, सकाळी अंगणात काढलेले फोटो काय आलेत! लंगोटी नेसलेल्या बटूच्या पाठीवरची हळद, ऊन, ताईच्या नाकातली नथ, रंग असे की बघत बसावं. (संध्याकाळी हॉलमध्ये त्या जांभळ्या लाइटात १६०० आयएसओवर, म्हणजे कमी उजेडासाठी कॅमेऱ्याची संवेदनशीलता ताणून, काढलेल्यांबद्दल बोलू नका, सगळ्यांच्या तोंडावर रवा सांडल्यासारखा वाटतोय.) चुलतभाऊ म्हणाला, फक्त आठ मेगापिक्सेल? माझा दोनशेचा आहे. असू दे की, व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की त्याचाही साधारण १६०० पिक्सेलचा होतो आणि माझाही. तिथे सगळे एका पंगतीला.

मान मात्र याचाच. हॉलवर ज्याला खरोखर पैसे देऊन बोलावलं होतं तो बिचारा छोटासा मिररलेस कॅमेरा घेऊन फिरत होता, त्याला सगळे पाहुणा समजून सरबत देत होते आणि मला म्हणत होते, फोटोग्राफर, जरा बाजूला व्हा. ताईच्या सासरकडच्या एक बाई मुद्दाम जवळ आल्या, कॅमेऱ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, फेब्रुवारीत आमच्याकडे साखरपुडा आहे, ऑर्डर घेता का? मी मनातल्या मनात रेट ठरवायला लागलो तर म्हणाल्या, "ड्रोन तुमचाच असेल ना?"