फ्यूज उडतोय म्हणून मोठा घालू नका

गणपतीच्या तोंडावर नाशिकच्या मंडळांच्या ग्रुपवर सल्ला फिरतोय: ‘अ‍ॅम्प्लिफायरचा ५ अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो? १० चा टाका.’ साफ चूक. बहुधा एखाद्या चॅनेलचा (डाव्या-उजव्या स्पीकरच्या वेगळ्या भागाचा) आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद देणारा) नाहीतर ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) शॉर्ट असतो. मोठ्या फ्यूजने ट्रान्सफॉर्मरही जळेल, वर आगीची भीती. त्यापेक्षा मेनच्या वायरीत १०० वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब (एलईडी नव्हे!) सिरीजमध्ये, म्हणजे सगळा करंट त्यातूनच जाईल असा लावा. तो लख्ख पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग दरवेळी प्लग काढून, कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे) डिस्चार्ज करून एकेका चॅनेलचा सप्लाय सोडवा. ज्याचा सोडवल्यावर बल्ब मंदावेल, तोच चॅनेल दोषी. मोठ्या टोरॉइडल (कड्यासारख्या गोल) ट्रान्सफॉर्मरला मात्र स्लो-ब्लो (क्षणभराचा जादा करंट सोसणारा) फ्यूजच लागतो. साधा घातला तर काही बिघाड नसतानाही स्विच टाकताच उडू शकतो.