‘मदरबोर्ड गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं? एका त्रस्त बापाला उत्तर

त्रस्त बापसाहेब, सप्रेम नमस्कार.

चार ओळींत उत्तर देऊन सुटता आलं असतं. पण तुमचे साडेसहा हजार गेलेत आणि त्यात ‘जुना लॅपटॉप दुरुस्त करावा की नवा घ्यावा’ यावरच्या माझ्या लेखाचाही हात आहे, तेव्हा जरा ऐसपैस लिहितो.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. तिचा सहा वर्षांचा लॅपटॉप चार्जर लावला की चालायचा, पण बॅटरी चार्ज होईना, आणि चालायचा तोही रडतखडत. ‘नव्याच्या निम्म्याहून कमी खर्च असेल तर डोळे मिटून दुरुस्त करा’ असं मी लिहिलं होतं, ते वाचून तुम्ही तो दुकानात दिलात. ‘मदरबोर्ड गेलाय’ (म्हणजे लॅपटॉपचे सगळे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पाटी) म्हणत त्यांनी साडेसहा हजार घेतले. दोन महिन्यांत लॅपटॉप पुरता बंद. शेवटी ४२ हजारांचा नवा घ्यावा लागला. आणि तुम्ही लिहिलंत, ‘तुमच्यासारख्या हौशी स्क्रूड्रायव्हरवाल्यांनी ही पुणेरी काटकसर आमच्या माथी मारू नये.’

(मी डोंबिवलीचा. पुण्याशी संबंध सासुरवाडीपुरता. पण ते असो.)

आधी कबुली. निम्म्या किमतीचा तो नियम मी मागे घेतो. ‘डोळे मिटून’ हे शब्द तर मी लिहायलाच नको होते. साडेसहा हजार म्हणजे ४२ हजारांच्या निम्म्याच्या जवळपासही नाहीत, म्हणजे नियमाप्रमाणे तुम्ही अगदी बरोबर वागलात आणि तरी बुडालात. नियम फक्त किंमत विचारतो. दुरुस्ती किती टिकेल हे विचारत नाही, आणि मुळात बिघाड सापडलाय का हेही विचारत नाही.

टिकण्याचा हिशोब सोपा आहे. नवा ४२ हजारांचा लॅपटॉप सहा वर्षं चालला तर महिन्याला ५८३ रुपये पडले. तुमची दुरुस्ती दोन महिने चालली, म्हणजे महिन्याला ३,२५०. आता माझा सांगतो. माझ्या २०१७च्या लॅपटॉपची बिजागरी तुटली, तिला १,२०० रुपये लागले. त्याला तीन वर्षं झाली, म्हणजे महिन्याला ३३ रुपये. तिन्ही आकडे तुम्हालाही काढता येतील, फक्त अडचण अशी की दुरुस्तीचा आकडा नंतर कळतो. आधी अंदाज बांधायचा तर एकच गोष्ट बघावी लागते: समोरचा माणूस बिघाडाचं कारण सांगतोय, की नुसतं भागाचं नाव?

त्या बिजागरीचंच घ्या. झाकण उघडताना कर्रकन आवाज यायला लागला आणि डाव्या कोपऱ्यात वरची पट्टी फाकली. इथल्या एका दुकानात ‘पूर्ण बॉडी बदलावी लागेल, पार्ट येत नाही, नवा घ्या’ असं सांगितलं. मग एका शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठला. तिथे जिन्याखालच्या खोपटात बसलेल्या एका कारागिराने मागचं झाकण उघडलं, चिमट्याने एक छोटा पितळी नट उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्याभोवती प्लास्टिकचा चुरा चिकटलेला होता. असे नट प्लास्टिकच्या खुंट्यांत बसवलेले असतात आणि बिजागरीचे स्क्रू त्यांत आवळतात. बिजागरी जाम झाली की झाकण उघडायला जोर लागतो, तो जोर येतो नटावर, आणि नट प्लास्टिकासकट उपटून येतो.

‘चिकटवून देणारे पुष्कळ आहेत,’ तो म्हणाला, ‘पण बिजागरी ढिली कुणी करत नाही. मग महिन्याभरात परत येतात.’ त्याने आधी बिजागरी पान्याने थोडी थोडी सैल केली, दर वेळी झाकण हलवून पाहिलं. झाकण एका बोटाने उघडायला लागल्यावरच नट जागी बसवून दोन भागांचं इपॉक्सी भरलं आणि लॅपटॉप उद्या न्यायला सांगितला. बाराशेतलं बरंचसं काम चिकटवण्याआधीच झालं होतं.

आता तुमच्याकडे वळतो. ‘मदरबोर्ड गेलाय’ हे वैद्याने ‘पोट बिघडलंय’ म्हणण्यासारखं आहे. बोर्डावर कुठे काय? चार्जिंगची आयसी (चिप) उडाली, की एखादा कपॅसिटर शॉर्ट झाला, की चार्जरचं सॉकेट हललं? चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचा नेमका बिघडलेला भाग बदलण्याचं काम खरोखर करणारा माणूस मल्टिमीटर लावून कुठल्या लाइनवर व्होल्टेज येत नाही ते दाखवतो आणि काढलेला भाग हातात देतो. नुसती हॉट एअर गन फिरवून जिवंत केलेला बोर्ड बरेचदा परत झोपतो. हे अनुभवाने सांगतोय. माझ्या त्याआधीच्या लॅपटॉपची ग्राफिक्स चिप अशीच एका दुकानात ‘गरम करून’ घेतली होती. साडेचार हजार दिले आणि तो चाळीस दिवस चालला. गरम केल्याने आतला सुटलेला जोड तात्पुरता जुळतो, पण रोजच्या तापण्या-निवण्यात पुन्हा सुटतो. हा किस्सा मी मूळ लेखात गाळला होता, कारण तो माझ्या मुद्द्याला सोयीचा नव्हता. तुमच्या रागातला हा भाग मला मान्य आहे.

पण एक गोष्ट तुमची प्रतिक्रिया वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. प्लगवर चालतो, चार्ज होत नाही, आणि हळू चालतो. ही तीन लक्षणं एकत्र आली की बोर्डाच्या आधी चार्जर तपासायचा असतो. काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या ॲडॉप्टरमध्ये मधोमध सुईसारखी एक बारीक पिन असते. तिच्यातून वीज घ्यायची नसते, ‘मी आपलाच ॲडॉप्टर आहे आणि इतक्या वॉटचा आहे’ एवढा निरोप लॅपटॉपला द्यायचा असतो. ती वाकली किंवा मोडली की लॅपटॉपला ॲडॉप्टर ओळखू येत नाही. तो प्लगवर चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेगही दाबून ठेवतो. तुमच्याकडे तसंच झालं असेल असा माझा दावा नाही. पण कुणाचा तरी चालू चार्जर पाच मिनिटं लावून पाहणं, हे बोर्ड उघडण्याच्या आधीचं काम. ते दुकानात केलं होतं का?

जिथे तुमचं पटत नाही तेही लिहितो. ‘सहा वर्षांचा लॅपटॉप म्हणजे भंगारच’ हे काही खरं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा नेहमीचा आधार (फुकटचे सुरक्षा अपडेट) संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या प्रोसेसरच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं. सहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप बहुधा त्यात बसतो. माझा सातव्या पिढीचा बसत नाही, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून तो आईला दिलाय. ती त्यावर कीर्तनं ऐकते आणि तिला फरक कळलेला नाही. मुलीला कॉलेजसाठी विंडोजवरचीच सॉफ्टवेअरं लागत असतील तर हा मार्ग नाही, हेही खरं.

शिवाय ‘नवा घ्या’ म्हणताना कुठला नवा, हे कुणी सांगत नाही. तुम्ही ४२ हजार घालू शकलात. ज्यांच्याकडे वीसच आहेत त्यांना त्या भावात बरेचदा बोर्डालाच डकवलेली रॅम आणि एसएसडीऐवजी (फायली साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्हऐवजी) सावकाश चालणारं ईएमएमसी स्टोरेज मिळतं. तसल्या नव्यापेक्षा एसएसडी घातलेला जुना आय-फाइव्ह प्रोसेसरचा लॅपटॉप कधीही बरा. रॅमचं मात्र मी मूळ लेखात ‘स्वस्तात वाढवा’ असं लिहिलं होतं, ते आता शिळं झालंय. २०२५ सरता सरता मेमरीचे भाव इतके चढले की तो सल्ला मी स्वतःही पाळणार नाही.

बोर्ड, डिस्प्ले आणि बॅटरी एकदम गेले असतील, किंवा गोड चहा सांडून आठवडाभर तसाच वाळला असेल, तर मीही नवाच घेईन.

शेवटी, मुलीच्या प्रोजेक्टच्या फायली ‘बोर्डाबरोबर गेल्या’ असं तुम्ही लिहिलंय. त्या बहुधा गेलेल्या नाहीत. बोर्ड मेला तरी एसएसडी सहसा धड असते. ती सुटी निघणारी असेल तर काही शे रुपयांच्या यूएसबी केसिंगमध्ये घालून नव्या लॅपटॉपला लावता येते. ४८ आकडी बिटलॉकर की (विंडोजने फायलींना लावलेल्या कुलपाची किल्ली) मागितली तर घाबरू नका. मुलीने ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं होतं, त्या खात्यात ती बहुतेक वेळा जपलेली असते. म्हणून तो जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये दिला नसेल तर एवढ्यात देऊ नका.

आणि त्याचा चार्जर घरात असेल तर पिन उजेडात धरून बघा. मधली सुई आहे की नाही, तेवढं इथेच खाली कळवा.